ओटीपी मडगावात, आजी कणकुंबीत : फोन हाताशी नसलेल्या रुग्णाला डिजिटल आरोग्यसेवा कशी मिळवून द्यावी

आजीला बीपी आणि साखर दोन्ही आहे. मुलगा मडगावला कामाला आहे आणि आजीच्या आधारला नंबर त्याचाच जोडलेला आहे. दवाखान्याच्या खिडकीवर ‘मोबाईलवर आलेला ओटीपी सांगा’ म्हटलं की काम तिथंच अडतं. ओटीपी मडगावात वाजतो, मुलगा मशीनवर उभा असतो, दहा मिनिटांत ओटीपी बाद होतो आणि आजी पुन्हा रांगेच्या शेवटी. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, हे घरोघरी आहे. ॲप चांगलं की वाईट हे नंतर ठरवू. आधी विचारायचं ते हे, की फोन कोणाच्या हातात आहे?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के बायकांनी स्वतः वापरायचा मोबाईल असल्याचं सांगितलं. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. त्यातही बायकांचे हे आकडे १५ ते ४९ वयाचे. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बायका त्यात मोजलेल्याच नाहीत, आणि दवाखान्याची पायरी सर्वांत जास्त त्यांनाच चढावी लागते.

पुढची रीत गावातल्या मंडळाची पोरं, स्त्रीशक्ती संघातल्या बायका, आशाताई आणि मराठी शाळेतले गुरुजी-बाई यांच्यासाठी आहे. एका गल्लीला दोन माणसं पुरतात.

आधी वही, मग मोबाईल

शंभर पानी वही घ्या, एका घराला एक पान. शेतातून, कारखान्यातून माणसं परतल्यावर, संध्याकाळी सात-साडेसातला जा. दारात जो पुरुष भेटेल त्याला विचारून मागं फिरू नका. जिला औषध चालू आहे तिच्याशीच बोला. ‘घरात स्मार्टफोन आहे का?’ हा प्रश्न फसवा आहे. उत्तर ‘आहे’ असंच येतं, पण तो फोन सकाळी आठला कामावर, बेळगावजवळच्या उद्यमबागला किंवा मच्छेला जातो आणि रात्री परत येतो. दवाखान्याच्या वेळेत घरात काहीच नसतं.

म्हणून विचारायचं ते असं: फोन कोणाचा आणि दिवसा कुठे असतो? साधा बटणाचा की स्मार्ट? आधारला कुठला नंबर आहे आणि त्यात आज रिचार्ज आहे का? घराजवळ रेंज कुठे मिळते: माडीवर, देवळाच्या पायरीवर की थेट माळावर? मराठी वाचता येतं, कन्नड येतं, की वाचताच येत नाही? रेशनकार्ड कुठलं? कायमचं औषध कशाचं? दवाखान्यात सोबत कोण जाऊ शकतं?

आधारचा पूर्ण नंबर वहीत उतरवू नका, शेवटचे चार आकडे पुरेत. आजाराचं नाव ज्या पानावर आहे ती वही एकाच माणसाकडे, कुलपात. मंडळाच्या खोलीत टेबलावर पडलेली वही गावभर वाचली जाते, आणि दुसऱ्या घरी मग कोणी खरं सांगत नाही.

नंबर जागेवर आणणं

निम्म्या अडचणी इथेच सुटतात. जुना नंबर बंद पडल्याचं घरच्यांना बहुतेक वेळा माहीतच नसतं. रिचार्ज संपून नंबर ९० दिवस वापरात राहिला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्या कोणाला देऊ शकते. तसं झालं की आजीच्या आधारचे ओटीपी आणि दवाखान्याचे निरोप अनोळखी माणसाकडे जायला लागतात.

नंबर तपासायला आधारच्या संकेतस्थळावर मोबाईल पडताळणीची सोय आहे. साध्या फोनवरून १९४७ या आधारच्या मोफत क्रमांकावर चौकशी करता येते. नंबर बदलायला मात्र एरवी माणसाला स्वतः आधार केंद्रात जावं लागतं. बोटाचा ठसा घेतात, कागदपत्र लागत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून शुल्क ७५ रुपये आहे. जास्त मागितले तर पावती मागा. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी पोस्टमनमार्फत घरी येऊन नंबर जोडण्याची सोय इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेकडून २०२१ पासून आहे. पाच-सहा घरांची नावं एकत्र करून पोस्टात द्या, म्हणजे एका फेरीत काम होतं.

नंबर कोणाचा जोडायचा? जो माणूस रात्री त्याच घरात झोपतो आणि दिवसाही गावात असतो त्याचा. बहुतेक घरांत ती सून असते. गोव्यातल्या मुलापेक्षा घरातल्या सुनेचा बटणाचा फोन दहापट कामाचा, कारण ओटीपीला स्मार्टफोन लागत नाही, साधा मेसेज पुरतो. पण आधी आजीला विचारा. काही घरांत तिला लेकीचा नंबर हवा असतो, आणि त्यामागे तिचं कारण असतं.

ठशाचीही एक वेगळी गोष्ट आहे. निपाणीत तंबाखू आणि विडीचं काम वर्षानुवर्षं केलेल्या बायका, ऊसतोडीचे मजूर, वडगाव-शहापूरचे विणकर यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन ‘जुळत नाही’ म्हणतं आणि खिडकीवरचा माणूस ‘उद्या या’ म्हणतो. उद्याही तेच होतं. त्यामुळे जायच्या आधी हात कोमट पाण्यानं धुवा, पुसा, बोटांना खोबरेल तेलाचा अगदी हलका हात लावून पुन्हा कोरडं करा. कोरडी, तडकलेली त्वचा मशीन नीट वाचत नाही. मशीनची काच पुसायला सांगा. अंगठाच दाबत बसू नका, दहाही बोटं वापरता येतात. तरी जमलं नाही तर डोळ्यांची बुबुळं किंवा चेहरा यावरून ओळख पटवायची मागणी करा. नंतर एकदा आधार केंद्रात ठसे नव्यानं द्या.

नावातला ‘टी’ आणि ‘टी-एच’

सीमाभागाचीच ही अडचण आहे. मराठीत ‘लता’ इंग्रजीत लिहिताना त साठी एक टी वापरतात, कर्नाटकात टी-एच. म्हणून एकाच बाईचं नाव शाळेच्या दाखल्यावर एका स्पेलिंगनं, आधारवर दुसऱ्या, आणि रेशनकार्डावर कन्नडमध्ये तिसऱ्याच उच्चारानं असतं. सुनीता, सविता, ज्योती, मारुती ही नावं हमखास अडकतात. नवऱ्याचं नाव मधे आहे की शेवटी, आडनाव लावलंय की गावाचं नाव, इथंही घोळ होतो.

दवाखान्याची यंत्रणा नाव आधारवरून उचलते. तेव्हा सगळं आधारशी जुळवायचं, उलटं नाही. वहीच्या पानावर आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग अक्षरं सुटी करून लिहा. खिडकीवर नाव तोंडानं सांगू नका, कागद दाखवा. एका रुग्णाच्या दोन नोंदी झाल्या तर जुनी तपासणी नव्या नोंदीत दिसत नाही आणि रक्त पुन्हा काढतात.

दोन कार्डं, दोन कामं

आभा आणि आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक यांची गल्लत जवळपास प्रत्येक गावात दिसते.

आभा म्हणजे १४ आकडी क्रमांक. त्याखाली तुमच्या तपासण्या, चिठ्ठ्या, डिस्चार्जचे कागद एकत्र जोडता येतात. त्यातून एक रुपयाही मिळत नाही. खर्चाचं कार्ड ते आरोग्य कर्नाटकचं: बीपीएल रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, आणि एपीएल कुटुंबाला ठरलेल्या दराच्या ३० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख. साधारणपणे आधी सरकारी दवाखान्यात दाखवून तिथून पुढे पाठवल्याची चिठ्ठी लागते. तातडीच्या प्रसंगात चिठ्ठीसाठी थांबायचं नाही, थेट योजनेतल्या दवाखान्यात न्यायचं. आभा काढलं म्हणून ऑपरेशन मोफत होईल या समजुतीवर माणसं खाजगी दवाखान्यात दाखल होतात आणि बिलाच्या दिवशी खरं कळतं. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, सांगत राहा.

आभा काढायची रीत: आभाच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक, संमतीची खूण, आधारवरच्या नंबरला आलेला ओटीपी, मग संपर्कासाठी मोबाईल, शेवटी कार्ड उतरवून घ्यायचं. सगळं सुरळीत असेल तर दहा मिनिटं लागतात. फोनच नसेल तर नोंदणीची सोय असलेल्या दवाखान्यात ठशावरून किंवा चेहऱ्यावरून काढता येतं. कार्डाच्या दोन छापील प्रती काढा, एक लॅमिनेट करून औषधाच्या डब्यात, दुसरी वहीच्या पानाला.

आभा ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. मोठ्या दवाखान्यांत केसपेपरसाठी क्यूआर कोड लावलेला असतो. तो स्कॅन करणारा पुढे जातो आणि फोन नसलेला मागं राहतो. अशा वेळी ‘फोन नाही, हातानं नोंद करा’ एवढं स्पष्ट म्हणायला रुग्णाला आधीच शिकवून ठेवा. दाराशी घोटाळणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हे एक वाक्य पाठ असलं तर अर्धा दिवस वाचतो.

कागदी फाईल मात्र टाकू नका. आभात फक्त त्याच दवाखान्याचे कागद येतात ज्याची यंत्रणा जोडलेली आहे. गावातल्या डॉक्टरची चिठ्ठी, गल्लीतल्या लॅबचा रिपोर्ट त्यात आपोआप जात नाही. प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये सर्वांत नवा कागद वर, आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात चालू गोळ्यांची नावं, ताकद आणि वेळ.

ई-संजीवनी : आरोग्य मंदिरात बसून

ई-संजीवनी ही केंद्र सरकारची मोफत दूरवैद्यकीय सेवा. दोन वाटा आहेत. एकीत रुग्ण स्वतःच्या स्मार्टफोनवरून डॉक्टरांशी बोलतो. दुसरीत रुग्ण उपकेंद्रात, म्हणजे हल्लीच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जातो आणि तिथले समुदाय आरोग्य अधिकारी त्याला मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरांशी जोडून देतात. फोन, रेंज किंवा वाचनाची अडचण असलेल्या प्रत्येकाला दुसरी वाट दाखवा. तिथं बीपी मोजणारा माणूस समोर असतो आणि काही औषधं तिथल्या तिथे मिळतात. घरून केलेल्या कॉलमध्ये यातलं काहीच नसतं.

आदल्या दिवशी आशाताईंकडून दोन गोष्टी विचारून घ्या: अधिकारी उद्या आहेत का, आणि नेट चालू आहे का. मग रुग्णासोबत हे न्या: आधार किंवा आभाची प्रत, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं (नाव सांगण्यापेक्षा पाकीट बरं), मागच्या तीन महिन्यांतले रिपोर्ट, आणि आठवडाभराच्या बीपी-साखरेच्या नोंदी. तक्रार तीन वाक्यांत बसवा: काय होतंय, कधीपासून, कशानं वाढतं. कॉल लागल्यावर रुग्णालाच बोलू द्या. सोबतच्यानं फक्त राहिलेलं सांगायचं. चिठ्ठी छापून घ्या, तिच्यावर डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का पाहा, आणि निघायच्या आधी प्रत्येक गोळी किती वाजता ते तिथंच वदवून घ्या.

बिघडतं कुठे? बऱ्याचदा आवाजात. चित्र आणि आवाज दोन्ही तुटत असतील तर व्हिडिओ बंद करून आवाजावर बोला. पावसाळ्यात वीज गेली की टॉवरही बसतो, म्हणून जमेल तर सकाळची वेळ धरा. शिवाय दूरवरून सगळी औषधं लिहून देता येत नाहीत. २०२० च्या दूरवैद्यकीय नियमांनुसार नशेच्या वर्गातली औषधं अशी मिळत नाहीत. त्यासाठी भांडू नका, प्रत्यक्ष जा.

छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं किंवा एक हात लुळा पडणं, साप चावणं, गरोदरपणात रक्त जाणं, बाळाला दम लागणं: यात कुठलंही ॲप उघडायचं नाही. १०८. हद्दीजवळ फोन कधी पलीकडच्या राज्याच्या टॉवरला लागलेला असतो, म्हणून पहिल्याच वाक्यात ‘कर्नाटक, बेळगाव जिल्हा, अमुक तालुका, अमुक गाव’ म्हणा. रस्ता नसलेल्या वाडीतून माणसाला कुठवर उचलून आणायचं, ती जागा आधीच ठरवून ठेवा आणि तीच सांगा.

कन्नड डॉक्टर, मराठी रुग्ण

स्क्रीनवर समोर येणारे डॉक्टर मराठी जाणणारे असतीलच असं नाही. बेळगाव शहरात निभावतं, पण कॉल दुसऱ्या जिल्ह्यात लागला की आजीची गाडी अडते. भाषेच्या अभिमानाचा प्रश्न आपल्या जागी आहे. रुग्णाला मात्र आज आराम हवा. मराठी अक्षरांत लिहिलेली ही चिठ्ठी फाईलला लावा: ताप म्हणजे ज्वर, खोकला केम्मु, उलटी वांती, पोटदुखी होट्टे नोवु, छातीत दुखणं एदे नोवु, चक्कर तले सुत्तु, साखरेचा आजार सक्करे कायिले, बीपी रक्तदोत्तड, गोळी मात्रे. जेवणाआधी ते ऊटक्के मुंचे, आणि जेवणानंतर ते ऊटद नंतर. हा ‘नंतर’ दोन्ही भाषांत एकच आहे, आजीला लगेच लक्षात राहतो.

मोबाईलवर येणारे मेसेज इंग्रजी किंवा कन्नडमध्ये असतात. वाचता न येणाऱ्याला तो फक्त ‘टुंग’ आवाज. ठरवून द्या: मेसेज पुसायचा नाही, संध्याकाळी शाळेतल्या नातवाला दाखवायचा. बेळगाव-खानापुरात नातवंडं शाळेत कन्नड शिकतात, ती वाचून दाखवतात. गोळ्यांसाठी अक्षरं नकोत: पाकिटावर उगवत्या सूर्याचं चित्र सकाळी, चंद्राचं रात्री, ताटाचं जेवणासोबत.

बोलूनच काम होणाऱ्या सेवा बटणाच्या फोनवरही चालतात. आरोग्याचा सल्ला किंवा सरकारी दवाखान्याची तक्रार १०४, मन हरवल्यासारखं झालं, झोप उडाली, जीव नकोसा वाटला तर टेलि-मानस १४४१६, योजनेच्या कार्डाची चौकशी १४५५५. हे आकडे ॲपच्या जाहिरातीपेक्षा जास्त घरांत कामाचे आहेत. दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवा.

घरातली यंत्रं

बीपीचं डिजिटल यंत्र गल्लीत एक घेतलं तरी चालतं, दंडाला लावायचं घ्या, मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नाही. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला उशीवर, मोजताना बोलायचं नाही. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वाढतो, आणि बाही गुंडाळून दंड आवळला तरीही फरक पडतो. घरी सतत १३५/८५ च्या वर येत असेल तर आठवडाभराच्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे. १८०/१२० च्या वर आणि सोबत डोकं फुटल्यासारखं, दम, छातीत दुखणं असेल तर त्याच क्षणी दवाखाना.

बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या यंत्राबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर ते ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतं, हे अभ्यासांत दिसून आलेलं आहे. म्हणजे ज्यांना उन्हात राबावं लागतं, त्यांच्याच बाबतीत ते चुकीचा दिलासा देण्याची भीती जास्त. नेलपॉलिश, मेंदी, गार बोटं यांनीही आकडा बिघडतो. बोट चोळून गरम करा, अर्धा मिनिट आकडा स्थिर होऊ द्या. आकडा बरा दिसतोय पण माणूस धापा टाकतोय, तर माणसावर विश्वास ठेवा.

खाजगी ते खाजगीच

दुसऱ्याच्या फोनवर आपलं दुखणं जाणं ही गरिबाच्या वाट्याची किंमत आहे, आणि ती बायकांना जास्त पडते. गरोदरपणाची तपासणी, टीबी, एचआयव्ही, मनाचा आजार यांचा मेसेज नवऱ्याच्या, दिराच्या किंवा शेजाऱ्याच्या फोनवर गेला तर पुढे काय होईल हे तिला माहीत असतं. म्हणून ती नोंदणीच टाळते. तिला विचारा: निरोप कुठल्या नंबरवर चालेल? कुठलाच नको असेल तर आशाताईंमार्फत तोंडी निरोप ठरवा. टीबीच्या रुग्णाला नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये पोषणासाठी खात्यात मिळतात, त्यासाठी खातं रुग्णाच्या स्वतःच्या नावाचं असू द्या.

मदत करणाऱ्यानं पाळायचं ते असं. ओटीपी आपण मागवला असेल तरच सांगायचा. काम झालं की तुमच्या फोनवरचा तिच्या कार्डाचा फोटो, रिपोर्ट आणि लॉगिन तिच्यासमोर पुसायचं. व्हॉट्सॲपच्या मंडळ-ग्रुपवर कोणाचाही कागद टाकायचा नाही. आभा किंवा आरोग्य कार्डासाठी बँकेचा पिन कोणीच मागत नाही. मागितला तर तो चोर आहे, पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक १९३०.

मिरज-कोल्हापूरला जाताना

निपाणी, चिक्कोडी, अथणी, कागवाडची माणसं उपचाराला मिरज-कोल्हापूर गाठतात, खानापूरची गोव्याला. निघायच्या आधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला, फोन करून तीन प्रश्न विचारा: माझं हे कार्ड तुमच्याकडे चालतं का, या ऑपरेशनला चालतं का, कुठले मूळ कागद आणू? तिन्हींची उत्तरं आणि बोलणाऱ्याचं नाव फाईलवर लिहा. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. आपलं गाव त्या यादीत आहे का आणि पुरावा कुठला लागतो, हे दाखल होण्याआधी त्याच खिडकीवर पक्कं करा. कर्नाटकातला मोफत बसप्रवास बायकांना हद्दीपर्यंतच उपयोगी, पुढच्या तिकिटाचे पैसे वेगळे बांधून द्या.

परतल्यावर डिस्चार्जच्या कागदाच्या दोन झेरॉक्स काढा. एक उपकेंद्रात द्या आणि तिथल्या नोंदीत चढवायला सांगा. नाहीतर पुढच्या ई-संजीवनी कॉलला डॉक्टरांसमोर जुनीच औषधं दिसतील.